आम्ही हळू बोलत नाही

तुम्ही म्हणता मी ओरडून बोलतो, तर वलसाडचं ऐका. भिकन, सुपडू आणि मी, तिघांनी चाळीस वर्षं बमरोलीच्या कापड कारखान्यात लूम चालवले. गेल्या रविवारी तिघं दमण बघून आलो. तिथे किनाऱ्यावर इतके भोंगे आणि मोटारसायकली, की आमच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. परतताना जेवायला वलसाडला उतरलो. गाव शांत, हॉटेल त्याहून शांत.

मी सुपडूला विचारलं, "पोळ्या किती घेशील रे?" सगळ्यांचे चमचे थांबले. मॅनेजर आला. "काका, धीमे बोलो ने. नहीं तो बाहर बैठो."

भिकन उठायला लागला. "चाल भो, दुसरीकडे जेवू."

मी त्याचा हात धरला. "पैसे देऊन जेवतोय. उठायचं नाही."

मग आम्ही लूमवर बोलायचो तसं बोललो. त्या खडखडाटात आवाजाचा उपयोग नसतो, हात आणि ओठ हलवूनच सांगावं लागतं. सुपडूनं वाटी दाखवली, मग मॅनेजरकडे बोट केलं आणि तोंड वाकडं केलं. आम्ही पोट धरून हसलो, तेही आवाज न काढता. शेजारच्या टेबलावरचेही हसायला लागले.

मॅनेजर कासावीस झाला. "काका, मेरे बारे में क्या बोल रहे हो? खुलके बोलो ना!"

मी उभा राहिलो आणि खुलून बोललो, "दाल खारी है!"

पार कोपऱ्यातल्या बाईनंही आपली वाटी बाजूला सारली.