दोरा कापडापेक्षा नाजूक

(संग्रहालयामागची कामाची खोली. बोलणारे तिघे: जुनी वस्त्रं जपणाऱ्या बाई, रफूचं काम करणारे बाबा आणि त्यांची मुलगी.)

बाबा : राग मानू नका बाई, पण सरळच विचारतो. महिन्याकाठी हातात किती पडतात?

मुलगी : बाबा!

बाबा : तू गप्प बस. वस्त्रसंवर्धनाची डिग्री! म्हणताना जीभ अडखळते. त्यासाठी नऊ लाखांचं कर्ज, आणि तारण कोणाचा गाळा? माझा. मग विचारायला नको?

बाई : विचारा ना काका. माझ्या वेळी कोणी विचारलं असतं तर बरं झालं असतं. पहिली नोकरी एकोणीस हजारांची, तीही कंत्राटी. हप्ता आठ हजार. आज नऊ वर्षांनी एकेचाळीस मिळतात. अजून वर्षभर हप्ते आहेत.

बाबा : एकोणिसातून आठ गेले. खोलीभाडं?

बाई : तिघी मिळून राहायचो. एक घोरायची, म्हणून तिचा वाटा थोडा जास्त.

बाबा : हसवू नका, मी रागावून आलोय. अहो, माझ्या एवढ्याशा गाळ्यात महिना तीस सुटतात. म्हणजे ही एवढं शिकणार आणि बापापेक्षा कमी मिळवणार!

मुलगी : सुरुवातीला. आणि तुम्ही तिथे पस्तीस वर्षं मान मोडलीत, तेव्हा कुठे तीस.

बाबा : बघा, आकडे कसे तोंडपाठ आहेत. बँकेच्या परीक्षा दे म्हटलं, तर नको. आणि दर शनिवारी इथे येऊन करते काय, तर धूळ झाडते.

बाई : झाडत नाही. वर जाळी धरून, बारीक ब्रशने, एकेका धाग्यावरची उचलते. गेल्या शनिवारी चार तासांत वीतभर जागा झाली.

बाबा : चार तासांत माझ्या सहा पँटी होतात.

बाई : होत असतील. या, टेबलापाशी या. हात मात्र लावू नका. हे बाळाचं अंगडं, दीडशे वर्षांपूर्वीचं.

बाबा : अरे बापरे, केवढंसं! इथे जळलंय. ठिणगी उडाली असणार. आणि रफू केलंय कोणीतरी... वा! हात काय आहे बघा!

मुलगी : त्याच रफूमुळे ते फाटतंय, बाबा.

बाबा : रफूमुळे फाटतंय? मोठी शहाणी. थांब, चष्मा लावू दे... हं. दोरा जबर घेतलाय. कापड म्हातारं झालं, दोरा तरणाच राहिला. आता चारी बाजूंनी ओढतोय त्याला.

बाई : म्हणून एकेक टाका उसवतेय. आमचा दोरा कापडापेक्षा नाजूक असतो. ताण आला तर आधी दोऱ्याने तुटायचं, कापडाने नाही.

बाबा : आमच्यात दोरा तुटला तर गिऱ्हाईक डोक्यावर बसतं.

बाई : शिवाय तो काढताही आला पाहिजे. पुढे कोणी आमच्याहून जाणता आला, तर त्याला आमचं काम सहज उसवता यावं.

बाबा : म्हणजे आपलं काम कोणीतरी उसवणार, हे धरूनच करायचं? आणि तरी इतकं जीव लावून?

बाई : हो.

बाबा : आणि केलेलं दिसू द्यायचं की नाही?

मुलगी : चार हातांवरून दिसू नये, वीतभरावरून दिसावं. लपवायचं नाही.

बाबा : मी जन्मभर लपवतच आलो... बाई, एक सांगू? हे करणारी डावखुरी होती. टाका बघा, डावीकडून निघालाय.

बाई : डावखुरी? आठ महिने भिंगाखाली बघतेय मी हे! थांबा, नोंदवहीत लिहून घेते.

बाबा : आणि आईच असणार. बाळ निजलेलं असताना केलंय. सगळे टाके कसे निवांत आहेत, शेवटचे चारच घाईतले. उठलं असेल.

बाई : तेवढं नाही लिहिता येणार, काका. पुरावा नाही. पण आता या अंगड्याकडे बघताना ते मनातून जायचं नाही.

बाबा : खरं सांगा. पुन्हा हिच्या वयाच्या झालात, तर हीच डिग्री घ्याल?

बाई : पैशाकडे बघून कोणी घेऊ नये. यंदाच सोडून गेले होते मी. कपड्यांच्या मोठ्या दुकानात, दुप्पट पगारावर. चार दिवस टिकले. इथे हे अर्धं उसवून ठेवलं होतं ना.

बाबा : अर्धं उसवलेलं टाकून माणूस जाणार कसा!

बाई : तेच झालं. परत आले, तर इथल्या साहेबांनी माझा राजीनामा पुढे पाठवलाच नव्हता. खणात ठेवला होता.

बाबा : हिला जमेल?

बाई : कर्जाचं तुम्ही ठरवा. त्यात मी हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही. पण हिला घाई नसते, काका. ते आम्हाला शिकवता येत नाही. हे अंगडं हिच्या हाती द्यायला मला भीती वाटत नाही.

बाबा : ...हप्ता किती म्हणालीस?

मुलगी : बारा हजार.

बाबा : नोकरी लागल्यावर पहिली तीन वर्षं सहा मी भरीन. पुढे सगळा तू. आणि तारीख चुकली तर बोलणी खाशील.

मुलगी : बाबा, तुमच्या डोळ्यांना आता...

बाबा : डोळ्यांचं डोळे बघतील. फॉर्म आणलायस?

मुलगी : पिशवीत आहे.

बाबा : आहेच म्हणा! दे इकडे. जामीनदार... नाव बरोबर, पत्ता बरोबर. हे काय? व्यवसाय, 'व्यापारी'?

मुलगी : बँकेत बरं दिसतं, म्हणून लिहिलं.

बाबा : खोड ते. रफूगार लिही. नीट, सुवाच्य अक्षरात.