आठ वारांचा किल्ट

माझ्या आईने स्कॉटलंडच्या माणसाला निऱ्या घालून दिल्यात, ठाऊक आहे?

इयन तारकर्लीला आमच्याकडे उतरला होता. वालावलला मित्राच्या लग्नात घालायचा त्याचा हिरव्या-निळ्या चौकड्यांचा, मधून पिवळा धागा गेलेला किल्ट, म्हणजे त्यांच्या पुरुषांचा घागरा, आईने प्रेमाने धुतला आणि निऱ्याच मोडल्या.

इयन रडकुंडीला आला. "निऱ्या घातल्या तरी मागे चौकडी अखंड दिसायला हवी, ती आमच्या घराण्याची खूण!"

जन्मभर नऊवारी नेसलेली आई म्हणाली, "पिवळ्या धाग्यापासून पिवळ्या धाग्यापर्यंत एक निरी. सोपां आसा." इस्त्री घेऊन बसली आणि चौकडी जुळवलीच.

इयन खूश. म्हणाला, "आठ वार कापड आहे!"

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तरीच! एक वार कमी पडलो, म्हणान ढोपरां उघडी."