चुडाव्याच्या नावावर

अर्पिता : सही तुमचीच आहे ना, बायनाबाई? एवढंच विचारतेय.

बायनाबाई : माजीच हाय. पुढं बोला, मॅडम.

अर्पिता : जूनमध्ये चुडाव्यात साठ किट वाटली, असं लिहून तुम्ही सही केलीत. घरच्या घरी एचआयव्ही तपासायची किट आहेत ती, चॉकलेटं नाहीत. आज सकाळी मी स्टेशनजवळच्या मेडिकलवाल्याला भेटून आले. तो म्हणतो, बाईंनी दहाच ठेवली, आठवड्यात संपली.

बायनाबाई : खरं हाय त्याचं.

अर्पिता : आणि बाकीची पन्नास?

बायनाबाई : येलदरीला नेली. धरनावर मासे धरनारे हायेत ना, त्यांच्यात वाटली.

अर्पिता : येलदरीला एकही द्यायचं नव्हतं.

बायनाबाई : तुमच्या गनितात नव्हतं. मे म्हैन्याच्या मीटिंगीत मी उभं ऱ्हाऊन सांगितलं. तितली मानसं सा-सा म्हैने दुसऱ्या धरनांवर ऱ्हातेत. तपासायला जिंतूरला जायचं तर दिवसाचा रोजगार बुडतो, म्हनून कुनी जात न्हाई. तुमी काय म्हन्ला? आकडा दाखवा.

अर्पिता : बरोबरच म्हणाले. सगळ्या जिल्ह्याला मिळून दोन हजार किट. कुठं ठेवली तर जास्त लोक लवकर सापडतील, हे मागच्या तपासण्यांवरूनच काढावं लागतं. त्यासाठीच हे संगणकाचं मॉडेल आहे. प्रत्येक कार्यकर्तीनं आपल्या मनानं वाटायची असतील तर मी पुण्याहून कशाला येतेय?

बायनाबाई : ते तुमचं तुमी बगा. तपासनीच न्हाई तर सापडल कोन? सापडलं न्हाई म्हनून तुमी शून्य टाकलं. शून्य टाकलं म्हनून पुन्ना तपासनी न्हाई. माज्या लेकीनं शाळंत असलं गनित केलं असतं तर मास्तरनं वही फेकली असती.

अर्पिता : टोमणे नकोत. खोटं तुम्ही लिहिलंय.

बायनाबाई : लिहिलं. खरं लिहिलं असतं तर पुन्ना माज्या हातात एक किट दिलं नसतं तुमी. पन्नासातली शेहेचाळीस वापरली तितं. तिघांचं पॉझिटिव्ह आलं. तिघांला मी सोता दवाखान्यात नेलं, पक्की तपासनी केली. गोळ्या चालू हायेत त्यांच्या.

अर्पिता : आणि तिघंही चुडाव्याचे म्हणून लिहिलेत.

बायनाबाई : किट चुडाव्याच्या नावावर, मग मानसं कुटली लिहू?

अर्पिता : तेच आकडे मॉडेलमध्ये गेले. ही दुसऱ्या फेरीची यादी, वाचा. चुडावा साठवरून एकशेवीस. येलदरी पुन्हा शून्य. तुमच्या त्या तिघांमुळे.

(बायनाबाई यादी हातात घेते.)

बायनाबाई : हे आदी सांगायला पायजे हुतं. आमी लिवलेलं कुटं जातंय, त्याचं काय हुतंय, कुनी सांगितलं आमाला? फारम भरा, सही करा.

अर्पिता : कधी विचारलंत?

बायनाबाई : विचारलं की तुमी लोक घड्याळ बगता.

अर्पिता : मग आणखी एक ऐका. जुलैमध्ये चुडाव्याचा एक माणूस त्या मेडिकलवर दोनदा येऊन गेला. रोज रेल्वेनं नांदेडला कामाला जाणारा. किट मागितलं, नव्हतं. तिसऱ्यांदा आला नाही. गेल्या आठवड्यात तो इथं परभणीत दवाखान्यात दाखल झालाय. टीबी आहे, आणि एचआयव्ही. बायकोचा रिपोर्टही तसाच आलाय. तिनंच मेडिकलवाल्याला फोन करून विचारलं, तेव्हा किट का नव्हतं म्हणून.

बायनाबाई : कोन... न्हाई, नाव नका सांगू.

अर्पिता : मॉडेलनं चुडाव्याला साठ दिली होती ती अशाच माणसांसाठी. रोज ये-जा करणाऱ्यांसाठी. ते बरोबर होतं.

बायनाबाई : आन् येलदरीचे तिघं?

अर्पिता : ते माझं चुकलं.

बायनाबाई : हे मीटिंगीत म्हना.

अर्पिता : म्हणेन. जिथं तपासणीच झाली नाही तिथं शून्य धरायचं नाही, आधी थोडी किट पाठवून बघायची, असं लिहूनही देईन. पण त्याआधी तुमची नोंद खोटी होती, हे तुम्ही तुमच्या हातानं लिहून द्यायचं. काम जाईल कदाचित. मी मध्ये पडणार नाही.

बायनाबाई : पडा म्हनून कोन म्हनायलंय? माजा नवरा काय हुतंय ते न कळताच गेला. मला माजं कळायला त्याच्यावर एक वरीस लागलं. बारा वर्सं झाली, मी बी त्याच गोळ्या खायले. उशीर म्हन्जे काय ते मला शिकवू नका. द्या कागद.

अर्पिता : आजची तारीख टाका.

बायनाबाई : चुडावा दहा, येलदरी पन्नास. तिघं येलदरीचे. घ्या. आता मी दवाखान्यात चालले.

अर्पिता : कशाला?

बायनाबाई : त्या बाईनं विचारलंय ना. मेडिकलवाला काय सांगनार तिला? मी नेली म्हनून सांगते.

अर्पिता : ती तुम्हाला वाट्टेल ते बोलेल.

बायनाबाई : बोलू दे.

अर्पिता : मग येलदरीला शून्य कुणी टाकलं, तेही सांगा. थांबा, बायनाबाई. मी येते.

बायनाबाई : या. पन तितं काई समजावून सांगू नका. ती बोलल तवर गप बसायचं. दोघींनी बी.