कस्तुराबाईला वाजत-गाजत आणायचं

...अन् वरून हसतात कुणाला? सोनाजीलाच! अहो, हसायच्या आधी माणसानं इचारावं तरी, की बाबा, झालं काय? नाय! पाचोडच्या भर बाजारात जीपच्या सीटखाली डोकं अन् वर नुसतं धोतर... धोतर नाय, पँटच होती, पण दिसायची तशीच... असा माणूस दिसला की आपलं खी खी खी! तुम्हाला सांगतो, त्या सीटखाली त्याचा अख्खा संसार अडकला होता. तारांत! आता मी पहिल्यापासून सांगतो, तुम्हीच ठरवा ह्यात सोनाजीचं काय चुकलं.

सोनाजी म्हंजे बिडकीनचा, कडूबा धनगराचा पोरगा. कडूबाचा जन्म गेला मेंढरामागं. पण तिकडं वाळूजला कंपन्या आल्या, भोंगे वाजायला लागले, तसं सोनाजीनं मेंढरं हाकायचं सोडलं अन् माणसं हाकायला घेतली. काळी-पिवळी जीप! बिडकीन ते वाळूज, पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट, नऊ माणसांच्या गाडीत एकवीस, अन् बावीसावा म्हणतो, "सोनाजी, सरक की जरा!" तर हा सरकायचा, अर्धं अंग बाहेर काढून गाडी चालवायचा, एवढा भला माणूस. दारू नाय, मटका नाय. त्याचा दोष एकच. त्याचं लग्न बंदच्या दिवशी लागलं.

आता बंद काय त्यानं पुकारला होता? आठवतं ना ते साल? विद्यापीठाचं नाव बदलायचं का नाय, ह्याच्यावर चौदा-पंधरा वर्षं सगळा मराठवाडा धुमसत होता. ज्यांच्यासाठी ते नाव जिवापरीस मोठं होतं त्यांनी तर लई सोसलं, घरंदारं गेली, त्याची मस्करी आपण करायची नाय. पण ह्या सोनाजीचं बघा ना! पत्रिका छापली, मांडव घातला, अन् नेमका त्याच दिवशी बंद. बँडवाले शहरातल्या शहागंजातून निघालेच नाहीत. वऱ्हाड परत निघालं तर नाक्यावर फौजदार आडवा! "कुठं चाललात? लग्न? बरं, गुमान जायचं. एकानं जरी तोंडातून आवाज काढला ना, सगळं वऱ्हाड आत घेईन, नवरीसकट!" झालं! पाचोडची कस्तुराबाई बिडकीनला सासरी आली ती अशी. ना ताशा, ना सनई, पोरांनी शिट्टी मारली तर त्यांच्याही तोंडावर हात.

तेव्हापासून जे चालू झालं ते चालूच. "मला मुक्या मेंढरावानी आणलं!" सोनाजी म्हणाला, अगं, भाजीत मीठ जास्त झालं का? "मुकी आणल्याली बाई, तिच्या हाताला चव कुठून यायची?" अंगावर पाणी सांडलं, तरी तेच. पाऊस नाय आला, तरी तेच! तुम्हाला सांगतो, बाईनं दोन वर्षांत तो बंद एक दिवस उठू दिला नाय. आता सांगा, ह्यात सोनाजीचं काय चुकलं?

मग दिवस गेले, पहिलं बाळंतपण, माहेरी गेली, पोरगा झाला. सोनाजीनं जीपभर पेढे वाटले. तीन महिने झाले, आता बाळ-बाळंतीण घरी आणायची, तर पाचोडहून सांगावा आला. सांगावा कसला, हुकूम! "ह्या वक्ताला वाजत-गाजत न्यायला यायचं. सगळ्या बाजारातून वाजवत न्यायचं. नसंल जमत तर येऊ बी नका. लेकरू चालायला लागलं की त्येचं त्ये येईल बिडकीनला, बापाचा पत्ता इचारत!"

सोनाजीची झोप उडाली. बँड सांगावा, तर परत कुठं काय पेटलं अन् नाय आले म्हंजे? तेव्हा नुसतं उद्या नाव होणार, परवा होणार, अशा बातम्या अन् चौकाचौकात पोलीस. त्याच्या डोक्यात आलं, बँडच जीपमध्ये बसवायचा! गेला शहागंजात, चाँदपाशाच्या दुकानी. हा चाँदपाशा म्हंजे ट्रकवाल्यांच्या गाड्यांना टेप लावणारा नंबर एकचा कारागीर, पण तोंडात पान, त्यामुळं अर्धं बोलणं पोटात. त्यानं एक डबा काढला. ॲम्प्लिफायर! आवाज मोठा करायचं मशीन. दोन थाळ्याएवढे स्पीकर, अन् दोन ट्वीटर, वाटीएवढे. मोठे बोलणार "धडाम्", बारके बोलणार "चीं चीं".

"देखो मियाँ," चाँदपाशा म्हणाला, "इत्ता आसान काम है के बच्चा बी कर देता. हर एक को दो तारां. एक पे लाल पट्टी, एक सादी. दोनों की जोडी. इस बाजू का बडा अन् इस बाजू का ट्वीटर, इस बाजू. उस बाजू का, उस बाजू. अन् ये बॅटरी की तार, ये बी लाल, इसकू अलग रखना. मिलाना नक्को! क्या बोला मैं?" "मिलाना नक्को," सोनाजी म्हणाला. "हौ! अन् ये ट्वीटर के गले में कंडेन्सर है, ताविज जैसा, इसकू हात नक्को लगाव, ट्वीटर मर जाता."

अन् "ठैरो, मैं बिठा देतों," म्हणत तो पक्कड घ्यायला वाकतो न वाकतो, तर गल्लीत आरडाओरडा, "मोर्चा आया, बंद करो, बंद करो!" खडाड्खड शटर खाली! आत चाँदपाशा, बाहेर सोनाजी, अन् शटरच्या फटीतून एकेक स्पीकर बाहेर सरकतोय. शेवटी आतून आवाज, "घर पे जोडो मियाँ! खुदा हाफिज!"

पण सोनाजी हुशार! दोन दिवस खपला. सीटखाली मशीन बसवलं, डॅशबोर्डला बटण लावलं, जोडीला जोडी, डावं डावीकडं, उजवं उजवीकडं. बटण दाबलं अन् वरातीच्या बँडची कॅसेट अशी घुमली की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. सोनाजीच्या डोळ्याला पाणी आलं हो. म्हणला, आता ये म्हणावं कस्तुरा! आता सांगा, इथवर तरी सोनाजीचं काय चुकलं?

निघायच्या दिवशी सकाळी सोनाजी गेला अंघोळीला. इतक्यात कडूबा, नवा पटका बांधून, नातवाला आणायचं म्हणून हरखलेला, जीपमध्ये बसून बघतोय. सीटखाली वाकून बघतो, तर तारा! लाल पट्टीची अन् बिनपट्टीची, एकमेकीच्या गळ्यात गळा! आता तुम्हाला-मला त्यात काय वाटलं असतं? काय नाय. पण धनगराचा एक कायदा असतो. व्यापाऱ्यानं मेंढरू पसंत केलं की त्याच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा मारायचा. लाल पट्टा म्हंजे ते इकलं, दुसऱ्याचं झालं. ते लगेच वेगळं कोंडायचं. आपल्या कळपात राहिलं तर संध्याकाळी भांडण, उद्या पंचायत! साठ वर्षं म्हाताऱ्यानं हेच केलेलं. म्हणला, पोरगं जीपच्या नादी लागून बापजाद्याची रीत इसरलं. अन् मायेनं... मायेनंच हो!... सगळ्या तारा सोडल्या. लाल तेवढ्या एकीकडं पिळल्या, बॅटरीचीसुद्धा. बिनपट्टीच्या दुसरीकडं. दोन्ही जुड्यांना लोकरीचा दोरा बांधला अन् शांतपणे तंबाखू मळत बसला.

सोनाजीला काय पत्ता? नवा शर्ट, अत्तराचा फाया, अन् जीप सुसाट पाचोडला. बाजाराचा दिवस! सासऱ्याचं घर बाजाराला लागूनच. दारात कस्तुराबाई तयार, हिरवं लुगडं, कडेवर लेकरू, मागं सासूबाई भागूबाई, त्यांच्या मागं अर्धं पाचोड. भागूबाई म्हणाल्या, "वाजू द्या, जावईबापू!" सोनाजीनं रुमालानं हात पुसला, कॅसेट घातली, सगळ्यांकडं एकदा बघितलं अन् दाबलं बटण.

"भप्प!"

संपलं. सीटखालून इवलासा धूर, अन् जळक्या रबराचा वास. बाजारात एक बाई मेथीची जुडी हातात धरून उभी होती, ती म्हणाली, "झालं व्हय? लई थोडं वाजलं बया!"

कस्तुराबाई काय ओरडली नाय. ओरडली असती तर परवडलं असतं. मागं बसलेल्या कडूबाला म्हणाली, "मामंजी, आत चला, च्या घ्या. ह्येंचं वाजलं तर येते मी. नाय वाजलं तर तुमी जेवून जा." अन् वळली आत. सोनाजीला कळलं, ही आता खरंच येत नाय. तीन महिन्यांत पोराचं तोंड त्यानं दोनदा बघितलं होतं.

घुसला सीटखाली. हाच तो वक्त, ज्याला लोक हसतात! हात घातला तर हाताला लोकरीचा दोरा. "आबा! ह्ये कुणी केलं?"

"म्या," कडूबा छाती काढून. "लाल पट्ट्याचं इकल्यालं असतंय, तुला म्हाईत नाय? खुशाल आपल्यात मिसळून ठिवलंस! लोकं काय म्हणतील?"

"आबा, ह्या तारा हायेत!"

"मग काय झालं? इमानदारी तारंला बी लागू हाय."

आता सांगा, बापाला मारता येतं का? सोनाजीनं कपाळ बडवलं. म्हणला, आता कुठली कुणाची जोडीदार, कसं कळायचं? सगळ्या सारख्याच! तर हे ऐकून म्हाताराच भडकला. "सारख्या? लेका, दोनशे कोकरं आईला लावतो म्या सांजच्याला, एक चुकत नाय. सारखं कुणीच नसतंय. सरक!" अन् बसला मांडी घालून. एकेक तार बोटात फिरवतो, बघतो. "ही पुढून आल्याली, बारक्याची. हिच्या गळ्याला डाग हाय. हिची जोडी ही, दोघींचा पीळ एकच. ही डाव्या थोरल्याची, तेल लागल्यालं. ही बॅटरीची, जाडी, हिला लांब ठिव, मारकी हाय." सोडताना म्हाताऱ्यानं एकेकीचं तोंड बघून ठेवलेलं! सोनाजी जोडत गेला. फ्यूज उडाला होता, तर बाजारातल्या कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी दिली, ती गुंडाळली. आता हसत कुणी नव्हतं. मेथीवाली पण वाकून बघायली.

दाबलं बटण.

अहो, काय वाजलं! धडाम् मागून, चीं चीं पुढून, मधी सनई! भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या, तराजू तसेच लटकलेले, भागूबाईनं पदर डोळ्याला लावला. अन् कस्तुराबाई बाहेर आली. पुढच्या सीटवर ताठ बसली, पदर सारखा केला, अन् सोनाजीनं चोरून बघितलं, तर बाई रडत होती. त्यानं जीप अशी हळू नेली बाजारातून, पायी माणूस पुढं जाईल. त्याला वाटलं, दोन वर्षांचा बंद आज उठला.

बाजार संपला, शेवटचं घर गेलं, अन् कस्तुराबाई म्हणाली, "बंद करा."

"आँ?"

"बंद करा म्हणते! लेकरू निजलं."

तीन महिने दिवसा डोळ्याला डोळा न लावणारं पोरगं, त्या धडामधुडूममध्ये गाढ झोपलं, अन् बंद केल्यावरही उठेना! पाचोड ते बिडकीन, चिडीचूप. म्हातारा मागं खोकला तर सुनेनं वळून बघितलं. बिडकीनात सगळी गल्ली दाराशी उभी, आता वाजंल, मग वाजंल! तर सोनाजीनं वेशीपाशीच इंजिन बंद केलं अन् चार माणसांनी ढकलत जीप दारात नेली. कस्तुराबाई ओठावर बोट ठेवून उतरली.

अन् दुसऱ्या दिवशी सकाळी, भाकरी थापता थापता, काय म्हणाली असंल? "पाचोडात वाजवलं, ते झालं माझं माहेर. सासरात कुठं वाजवलं? सासरात मी परत मुकीच आले की!"

आता सांगा, ह्यात सोनाजीचं काय चुकलं? मी म्हणलं, सोनाजी, काढून टाक त्या तारा, इक ते मशीन. तर नाय म्हणतो. म्हणतो, राहू दे, दुसऱ्या बाळंतपणाला लागंल.