आई म्हणू की काकू?

लेकरं दुसऱ्या घरी वाढायला द्यायची ही गॉल देशातली जुनी रीत. तरी विंदा सकाळपासून एकेक नाव सोडून देत नदीच्या धक्क्यावर नुसतीच बसून होती. मांडीवर धाकटी नेमेता होती आणि तिचं नवं घर पैलतीरी होतं. शेजारी एक म्हातारा आणि एक तरणी पोर नावेची वाट बघत होते.

“बाबा, आईनं मला ओळखलंच नाही तर?” तरण्या पोरीनं विचारलं.

“ओळखेल. नाक तिचंच आहे तुझं.”

“तिला आई म्हणू की काकू?”

“आधी जेवायला बस. पोट भरलं की काय म्हणायचं ते आपोआप सुचेल.”

“आणि तुम्हाला?”

“मला बाबाच. त्यांनी पोर परत मागितलीय, हाक नाही.”

“रडताय?”

“धूर गेला डोळ्यांत.”

“नदीवर कुठून आला धूर?”

“गप गं. ते खारवलेलं मांस नीट धर, आईसाठी आहे.”

विंदाला राहवलं नाही. “पोरी, यांच्याकडे आलीस त्या पहिल्या रात्री रडलीस का गं?”

“रडले ना! घर डोक्यावर घेतलं. मग बाबांनी मला वासराजवळ निजवलं.”

“रात्रभर वासराला झोप नाही,” म्हातारा म्हणाला.

नेमेता ताडकन उठून बसली. “आई, आपण जातोय तिथं वासरू आहे?”

“असेल की. गेल्यावर विचारू.”

नाव धक्क्याला लागली, म्हातारा आणि पोर चढून बसले, ती सुटायलाही आली. विंदानं लेकीला कडेवर घेतलं आणि हात उंचावला.

“अरे नावाड्या, थांब! आम्हीपण येतोय.”