काकांच्या हातात माझी कुबडी

राजूरच्या झेरॉक्सवाल्या काकांचं सांगितलं का तुम्हाला? कुबडी घेऊन चालताना माझ्या ज्या फजित्या होतात, त्यांचं कॉमिक काढून मी त्यांच्याकडं झेरॉक्स करते. दरवेळी काका म्हणायचे, “पोरी, कागदावर तरी पाय सरळ काढत जा.”

माझं डोकंच फिरलं. पुढच्या पानावर काकांच्याच हातात माझी कुबडी दिली.

काकांनी पान निरखून पाह्यलं. “ही आखूड काढली तू. माणूस वाकून जाईल ना.”

“आखूडच आहे ती. कुबड्या वाटपाच्या शिबिरात सगळ्यायला एकाच मापाची देतात. कागदावर तरी लांब काढू का?”

काकांनी पान मशीनवर ठेवलं. मंग म्हणले, “न्हाई, राहू दे तशीच. कॉप्या किती काढू?”

“शिबिरवाल्यायला पुरतील तेवढ्या.”