विसाव्याच्या दगडावरील चहापानाबाबत

जबाब देणार: येसूबाई भिवा गमरे, वय अंदाजे अठ्ठावन्न, धंदा शेतमजुरी व बाजारात लाकूडफाटा विकणे, राहणार मौजे आंबेकोंड, बौद्धवाडी, जिल्हा रत्नागिरी.
दिनांक: १२ फेब्रुवारी १९८६.

मी बोलावल्यावरून आज पोलीस ठाण्यात हजर झाले असून, विचारले तेवढे आणि थोडे न विचारलेलेही सांगते ते असे की, वर लिहिलेल्या ठिकाणी मी लग्न होऊन आल्यापासून राहते. नवरा हयात आहे का, असे हवालदारसाहेबांनी विचारले. शनिवारपर्यंत होता. जबाबात त्यांना 'मयत' म्हणायचे असते असे मला सांगण्यात आले, पण मी भिवाच म्हणेन. जिवंतपणी कधी त्यांचे नाव घेतले नाही. आता घेतले तर ते काही रागावणार नाहीत.

आमच्या गावात सपाट असे काही नाही. घरातून निघाले की चढ, विहिरीवर जायचे तर उतार, आणि भरली कळशी घेऊन येताना तोच चढ. पंधरासोळा वर्षांमागे सरकारने वरच्या अंगाला धरण बांधले आणि गावातून कालवा काढला. कालवा खणायला आमची सगळी वाडी होती, भिवाही होते. कालव्याला पाणी सोडले तेव्हा फुले टाकली, नारळ फोडला. ते पाणी जांभ्या दगडाने वाटेतच पिऊन टाकले आणि कालवा आजतागायत कोरडा आहे. मात्र पाणी वाहावे म्हणून कालव्याचा बांध सपाट ठेवला होता, तो तसाच राहिला. सरकारने आम्हाला पाणी द्यायचे ठरवले होते, वाट चुकून मिळाली.

आमच्या स्मशानात जायची जुनी पायवाट कालव्याने मधोमध तोडली. तेव्हा मोजणीला आलेल्या साहेबाने भिवांना सांगितले होते की, तुम्ही बांधावरून जात जा, कोण अडवतो. त्याने तोंडी सांगितले आणि आम्ही कानाने ऐकले, याहून जास्त पुरावा माझ्याकडे नाही. बांधावर अर्ध्या वाटेत किंजळाचे मोठे झाड आहे. त्याखाली जांभ्याचा एक रुंद दगड आहे, तो माझ्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या भावांनी घडवून बसवला. जुनी वाट तिथून जात होती आणि कालवा खणताना भिवांनी मुकादमाच्या हातापाया पडून तो दगड वाचवला. प्रेत नेताना तिथे तिरडी टेकवायची, पंचशील म्हणायचे, खांदेकरी बदलायचे आणि पुढे जायचे. आम्ही छप्पन्न सालानंतर बऱ्याच जुन्या रीती सोडल्या. पण धर्म बदलला तरी खांदा दुखायचा राहत नाही, म्हणून विसावा राहिला.

फिर्यादी श्री. शेट्येसाहेब यांना मी दोन वर्षांपासून ओळखते. ते मुंबईच्या मोठ्या कंपनीतून निवृत्त होऊन रत्नागिरीत राहायला आले. त्यांची मुलगी हॉलंड नावाच्या देशात दिली आहे. तिथे ते जाऊन आले आणि आल्यावर त्यांनी गावच्या शाळेत सभा घेतली. त्या देशात सगळीकडे कालवे, कालव्यांच्या काठाने सपाट वाटा, वाटेत बागा, बागेत बदके, आणि लोक काही काम नसताना उगीच चालत असतात, असे त्यांनी सांगितले. त्या देशात चढच नाही म्हणे. मग तिथल्या माणसाला दम कधी लागतो, असे भिवांनी विचारले होते. साहेब हसले आणि म्हणाले की, बाबा, हेच तर आपल्याला इथे आणायचे आहे.

पुढे साहेबांनी कालवाकाठ विहार मंडळ काढले. दर रविवारी मंडळाचे लोक चालण्यासाठी मोटारीने येऊ लागले. बांधाच्या तोंडाशी साखळी लावली आणि पाटी आली की, हा मार्ग फक्त फिरण्यासाठी आहे, गुरे, सायकली व डोक्यावरील ओझी आणण्यास मनाई आहे. साखळीपाशी आमच्या शेजारच्या कुणबीवाडीतला रघू बसवला. रघू बिचारा चांगला. आम्ही बायका गेलो की तो विचारायचा, "काकी, काम हाय काय?" आम्ही सांगायचो, "काय काम न्हाय बा, फिराया चाललंव." मग हात हलवत साहेबीण चालते तशा जायचो आणि लाकडाची मोळी येताना कालव्याच्या आतून आणायचो. वाडीतल्या सगळ्या बायका काही महिन्यांत अशा बिनकामाच्या झाल्या.

मंडळाने एक छापील पत्रकही काढले होते. आमच्या वाडीतल्या राहीने ते मला वाचून दाखवले, ती नववीत आहे. त्यात लिहिले होते की, वाट संपूर्ण सपाट असून वृद्धांनाही सहज झेपेल. वाटेत जुन्या पद्धतीच्या घरांची एक रमणीय वाडी दिसते. ती आम्ही. आणि अर्ध्या वाटेवर किंजळाच्या गर्द सावलीत निसर्गानेच घडवलेले आसन आहे, तिथे बसताच मनाला कायमची शांती लाभते. हे वाचल्यावर राहीला पुढे वाचता येईना, इतके आम्ही हसलो. भिवा तेव्हा अंथरुणाला खिळले होते, त्यांनाही हसताना ठसका लागला.

तर मंडळ दर रविवारी त्या दगडावर बसत असे. दगडावर चादर अंथरत, थर्मासमधला चहा घेत, पोहे खात. एकदा कुणाचा वाढदिवस होता तेव्हा केकही तिथेच कापला. तो दगड कसला आहे हे आम्ही त्यांना का सांगितले नाही, असे मला विचारण्यात आले. त्यावर माझे म्हणणे असे की, त्यांनी आम्हाला पत्रकात घातले, पाटीत घातले, पण त्यापूर्वी एक शब्द विचारला नाही. विचारले असते तर सांगितले असते. शिवाय गंमत वाटत होती, तेही खोटे सांगत नाही.

भिवा शनिवारी दिवेलागणीच्या सुमारास गेले. मुलगा भागोजी मुंबईला नोकरीस आहे, त्याची वाट पाहून रविवारी सकाळी आम्ही निघालो. आमच्यात बायाही स्मशानात जातात, म्हणून मी बरोबर होते. साखळीपाशी रघू उभा राहिला. त्याने सवयीने तोंड उघडले आणि मिटले, साखळी सोडली आणि पायातल्या चपला काढून बाजूला झाला. रघूला या प्रकरणात धरू नये. प्रेत म्हणजे ओझे की नाही, हे पाटीवर लिहिलेले नाही.

किंजळाखाली आलो तेव्हा दगडावर शेट्येसाहेब, त्यांच्या पत्नी आणि मंडळाचे काही लोक बसले होते. मध्ये पोहे होते. आम्ही थांबलो. मी साहेबांना म्हणाले, "साहेब, जरा सरा. आमचा मानूस टेकवायचा हाय."

साहेब म्हणाले की, ही बसायची जागा आहे, प्रेत पुढे न्या. मी सांगितले की, ही आमच्या विसाव्याची जागा आहे, आमचे सगळे इथेच टेकून गेले, सासरे, सासू, दोन दीर, आणि माझे पहिले लेकरू. एवढे ऐकून साहेबांच्या बाईंच्या हातातली बशी खाली पडली. आपण आजवर कशावर बसून खात होतो हे त्यांच्या ध्यानात आले असावे. त्या घाईने उठल्या, चादरीत पाय अडकला आणि त्या बांधावरून कालव्यात घसरल्या. कालवा कोरडा होता म्हणून बुडाल्या नाहीत, पण घोटा मुरगळला. त्यांना वर काढायला आमच्या वाडीतली सोनूबाई आणि मी उतरलो. तिरडीमागची बाई आपल्याला हात देते हे पाहून त्या आणखी घाबरल्या, तरी हात धरला. बाईंना लागले याचे मला वाईट वाटते आणि तसे मी त्यांना तिथेच सांगितले. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आम्ही मुद्दाम प्रेत त्यांच्या अंगावर घातले, त्यांना भीती घालून जागा खाली करण्याचा कट केला, असे फिर्यादीत म्हटले असल्याचे मला वाचून दाखवले. हे खोटे आहे. कट करायचा तर भिवांना मरायला शनिवारची सांज गाठायला सांगावे लागले असते. भिवांनी उभ्या जन्मात कुणाची सोय पाहून न केलेले असे हे एकच काम.

त्या गडबडीत खांदेकऱ्यांनी तिरडी टेकवायला घेतली होती. पायाकडची बाजू दगडावर टेकली होती आणि डोक्याकडची भागोजीच्या आणि दुसऱ्या एकाच्या हातात होती. तेवढ्यात साहेब आडवे आले. "इथे ठेवायचं नाही, पोलिसात देईन," असे ते मोठ्याने बोलले आणि दगडावर हात पसरून उभे राहिले. भागोजी तापट आहे. पण बापाच्या देहावरून भांडण नको म्हणून त्याने डोळे पुसले आणि "उचला" म्हणाला. पंचशील चालता चालता म्हटले. खांदेकरी बदलले नाहीत, त्याच चौघांनी भिवांना स्मशानापर्यंत नेले. भागोजीच्या खांद्याची साल निघाली आहे, ती हवालदारसाहेबांना दाखवली असता त्यांनी लिहून घेतली नाही.

आज इथे आल्यावर जबाबापूर्वी शेट्येसाहेबांनी मला बाकावर बसवून तोड सांगितली. मंडळ आम्हाला पुढे ओढ्यापाशी सिमेंटचा नवा कट्टा बांधून देईल, चांगला गुळगुळीत. आम्ही त्याच्या बदल्यात लिहून द्यायचे की, बांधाची वाट आणि तो दगड वाडीचा नाही, इथून पुढे प्रेत खालच्या शेतातून नेऊ. तसा अंगठा दिला तर फिर्याद मागे घेतील, नाहीतर भागोजीला मुंबईहून तारखांना यावे लागेल आणि त्याची नोकरी जाईल. हवालदारसाहेबही म्हणाले की, आजी, मिटवून टाक, मेलेल्या माणसाला कट्टा काय आणि दगड काय. खालच्या शेतातून पावसाळ्यात चिखलात कंबरेपर्यंत माणूस रुततो, हे दोघांनाही ठाऊक नाही.

त्या कागदावर मी अंगठा देणार नाही. भागोजीला विचारून सांगते आहे. नोकरी गेली तर दुसरी बघू, असे तो म्हणाला.

मंडळाने दगडावर बसू नये असे माझे म्हणणे नाही. खुशाल बसावे, चहा प्यावा. आम्ही आलो की उठावे, एवढेच. आमच्या वाडीत रोज काही कुणी मरत नाही.

शेवटी एवढेच सांगायचे आहे की, त्या दगडावर जिवंत माणूस बसत नाही, निदान आमच्यातला. कालव्याचे काम चालले होते तेव्हा भिवा भर उन्हात डोक्यावरून माती वाहायचे. दुपारी मी भाकरी घेऊन जायचे. सावली तेवढी एकच, किंजळाची, आणि तिच्यात हा दगड. बाकीचे लोक जमिनीवर पाठ टेकायचे. भिवा दगडापाशी उभे राहून उभ्यानेच पाणी प्यायचे. बसा की जरा, असे मी एकदा म्हटले, तर म्हणाले, "माझी पाळी येईल तवा बसेन."

रविवारी त्यांची पाळी आली होती. त्यांचे पाय टेकले आणि डोके लेकाच्या हातात अधांतरी राहिले. ही माझी तक्रार आहे, ती लिहून घ्यावी.

वरील जबाब मला मराठीत वाचून दाखवला. शेवटचे वाक्य, 'तक्रार शेट्येसाहेबांची आहे, तुझा नुसता जबाब आहे,' असे म्हणून हवालदारसाहेबांनी गाळले होते. ते परत लिहून घेतल्यावर जबाब मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. अंगठा देण्यासाठी मला बसायला खुर्ची दिली, परंतु मी उभ्यानेच दिला.

येसूबाई भिवा गमरे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.